आठ व्यायाम नकोत, दोन पुरेत

पत्र : बी.पी.टी.एच. (फिजिओथेरपीची पदवी) होऊन दोन वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस भागातल्या गावांमध्ये फिरून लहान मुलांची थेरपी करते. एका घरात तीन वर्षं दोन महिन्यांचा मुलगा आहे. सातव्या महिन्यात जन्मला. निदान स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडण्याचा) पाय ताठ करणारा प्रकार. दोन्ही पाय ताठ, टाचा टेकत नाहीत, पाय मागे टाकून डब्ल्यूच्या आकारात बसतो, धरून उभा राहतो. आईला आठ व्यायाम शिकवले, चित्रांचा कागद दिला. महिन्याने गेले तर कागद कवेलूखाली खोचलेला आणि व्यायाम बंद. आई सकाळी आठला कापूस वेचायला जाते. आजी रोज तेल लावून पाय ओढते, पोरगं रडतं. बापाने चाकांचा वॉकर आणून ठेवला आहे. सगळे विचारतात, "मॅडम, मशीन नाही लावत का? हा चालन कवा?" त्यात पुढच्या महिन्यात आशा आणि अंगणवाडी ताईंना एक दिवस शिकवायला सांगितलं आहे. त्यांना काय शिकवू? माझंच शिकवणं चुकतंय का?
— एक फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ जिल्हा

उत्तर :

चुकतंय ते प्रमाण. आठ व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, दोन्ही पायांना, मध्ये पोराचं रडणं आणि समजूत काढणं धरलं की पाऊण तास गेला. ही बाई पाचला उठते, पाणी भरते, भाकरी थापते, डबा बांधते आणि आठला वावरात असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळचा पाऊण तास म्हणजे तिच्यासाठी तेवढे किलो कमी. कागद कवेलूखाली गेला तो आळसाने नाही गेला, हिशोबाने गेला. ऑक्टोबर ते जानेवारी या भागात कोणत्याही मजूर घरात त्या कागदाचं हेच होईल.

आधी एक दडपण काढून टाका, तुमचंही आणि आईचंही. "रोज केलंच पाहिजे" हे वाक्य बोलू नका. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या घरच्या कार्यक्रमावर ऑस्ट्रेलियात आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी केलेली एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे चाललेल्या त्या कार्यक्रमात पालकांनी सरासरी महिन्यातून १७-१८ वेळा आणि दर वेळी १६-१७ मिनिटं काम केलं, आणि तेवढ्यावर मुलांच्या रोजच्या कामांत आणि हातांच्या वापरात फरक पडला. म्हणजे आठवड्यातून चार दिवस, दिवसाला पाव तास. पण तिथे उद्दिष्ट घरच्यांनी ठरवलं होतं आणि सराव त्या उद्दिष्टाचाच होता. तुमच्या कागदावरची उद्दिष्टं पाठ्यपुस्तकातली आहेत.

म्हणून पुढच्या भेटीत मुलाला हात लावण्याआधी आईला विचारा, "सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत याचं काय काय करावं लागतं ते सांगा. सगळ्यात जड कुठे जातं?" उत्तर क्वचितच "चालत नाही" असं येतं. आंघोळ घालताना पाय फाकत नाहीत, संडासला धरून बसवावं लागतं, कडेवर घेतलं की कंबर भरून येते, हातात भाकर दिली की तोल जातो, असं काहीतरी येतं. त्यातलं एक निवडा आणि सहा आठवड्यांनी काय दिसलं पाहिजे ते मोजता येईल असं लिहा. उदाहरणार्थ : आज पाटावरून उठायला आईचा हात लागतो. सहा आठवड्यांनी भिंत धरून स्वतः उठेल, दहापैकी सात वेळा. त्याच्या वरची पायरी, काही न धरता उठेल. खालची पायरी, आज आहे तसंच. हे तुमच्या वहीत असू द्या. पुढच्या वेळी घरच्यांना "सुधारतोय हो" असं मोघम सांगावं लागणार नाही.

या मुलासाठी आम्ही दोनच गोष्टी ठेवल्या असत्या. एक आईसाठी, एक आजीसाठी.

आईची गोष्ट बसून उठण्याची. संध्याकाळी ती भांडी घासून लावते तेव्हा पोरगं तिथेच असतं. त्याला भिंतीला लागून पाटावर बसवायचं, घासलेल्या वाट्या-पेले त्याच्या पायांच्या पुढे जमिनीवर ठेवायचे. त्याने एक वाटी उचलायची, उभं राहायचं, ओट्यावर किंवा उलट्या ठेवलेल्या पिपावर ठेवायची आणि पुन्हा बसायचं. दहा-बारा भांडी म्हणजे दहा-बारा वेळा उठणं. आईचा वेगळा वेळ शून्य. हा पायांच्या ताकदीचा व्यायाम आहे, आणि ताकद वाढवल्याने ताठरपणा वाढतो ही जुनी भीती आता कोणी बाळगू नये.

बैठकीची उंची मात्र मोजून ठरवा. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत जेवढं अंतर तेवढी उंची. या वयाच्या, थोड्या लहान चणीच्या मुलाला ते साधारण २० सें.मी. भरतं. विटांचे दोन आडवे थर आणि वर पाट, एवढ्यात ते जमतं. पाट विटांवरून सरकू नये म्हणून मध्ये पोत्याचा तुकडा घाला. सुरुवातीला जमत नसेल तर पाटावर पोत्याच्या आणखी दोन-तीन घड्या टाकून बैठक उंच करा. उंच बैठकीवरून उठणं सोपं असतं. दहाच्या तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या की एकेक घडी काढा. चार-पाच वर्षांच्या मुलाला पुढे दप्तरात अर्ध्या किलोची डाळीची पुडी घालूनही करवता येतं. याला अजून नको.

यात काय बिघडतं ते आईला आधीच दाखवा. पाय पुढे राहिले तर पोरगं उठूच शकत नाही, मागे पडतं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे हव्यात. गुडघे एकमेकांवर आपटत असतील तर मध्ये घडी केलेली गोधडी ठेवा आणि ती पडू द्यायची नाही असा खेळ करा. टाचा उचलल्या जात असतील तर आईने गुडघ्यांवर वरून तळहात ठेवून सरळ खाली दाबायचं. हातांना धरून वर ओढायचं अजिबात नाही. घराघरात नेमकं हेच होतं. खांदे दुखावतात आणि पाय काहीच शिकत नाहीत. वाटी थोडी पुढे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकी लांब ठेवली की उठण्याची अर्धी कसरत तिथेच होते.

आता आजी. तुमच्या पत्रात ती अडचण म्हणून आली आहे. आमच्या मते त्या घरातली ती तुमची सगळ्यात मोठी ठेव आहे, कारण वेळ फक्त तिच्याकडे आहे. तिची मालिश बंद करायला सांगितलीत तर तुम्ही त्या घरातून गेलात असं समजा. मालिश राहू द्या. तेल लावणं, चोळणं, मांडीवर घेऊन गप्पा मारणं यात वाईट काही नाही. बदलायची फक्त पाय ओढण्याची पद्धत.

तिचा हात नीट पाहा. ती पायाच्या पुढच्या भागाला, बोटांच्या मुळाशी धरते आणि वर दाबते. पाऊल वर येताना दिसतं, म्हणून तिला वाटतं की शीर मोकळी झाली. प्रत्यक्षात टाचेचं हाड जागचं हललेलं नसतं. घट्ट पोटरी टाचेला वर धरून ठेवते आणि वाकतात ते पावलाच्या मधले सांधे. वर्ष-दोन वर्षं असं झालं की तळवा होडीच्या बुडासारखा गोल होतो, मग त्या पावलावर बुटाची पट्टीही नीट बसत नाही. म्हणून पकड बदला. मूल उताणं, गुडघा सरळ. आजीच्या तळहाताच्या वाटीत टाच, बोटं टाचेच्या मागच्या बाजूने धरलेली. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा हात तळव्याला टेकलेला. पाऊल किंचित आत वळवून ठेवायचं म्हणजे मधले सांधे कुलूपबंद होतात. आता ओढायची ती टाच, खाली, स्वतःकडे. कोपर मुलाकडे झुकवलं की तळवा आपोआप वर येतो. दुसरा हात गुडघ्यावर. "शंभर म्हणेपर्यंत धरा, रडलं तर सोडा." घाईत झटका दिला की ताठरपणा उसळतो, हळू नेलं की पाऊल जास्त वर येतं. हे तिला एकदा हाताला जाणवलं की ती स्वतःच सावकाश करू लागते.

पण एवढ्याने पोटरी लांब होईल असं तिला किंवा स्वतःला सांगू नका. तार्द्यू आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलं होतं की पोटरीतला सोलियस स्नायू आखडू नये असं वाटत असेल तर तो दिवसातून निदान सहा तास ताणलेला राहावा लागतो. हाताने दिलेला दोन-चार मिनिटांचा ताण त्यापुढे काहीच नाही. लांबी टिकवायचं काम एएफओ (घोटा आणि पाऊल जागेवर धरणारी, बुटात घालायची पट्टी), प्लास्टर आणि उभं राहणं करतं.

म्हणून आजीची दुसरी आणि खरी जबाबदारी, उभं ठेवण्याची. त्यासाठी गुडघ्याचे गेटर्स, म्हणजे गुडघा सरळ धरणारे कापडी पट्टे, लागतील, ते गावातला शिंपी शिवून देतो. जाड कॅनव्हास किंवा दुहेरी तागाचं कापड, त्यात तीन उभे खिसे, खिशांत बांबूच्या घासलेल्या कामट्या, आतून मऊ सुती अस्तर, बांधायला तीन पट्टे. लांबी जांघेच्या दोन बोटं खालपासून घोट्याच्या दोन बोटं वरपर्यंत. आखूड झाले तर गुडघा वाकतो आणि कड मांडीत रुतते, लांब झाले तर घोट्याला घासतं. मूल छातीच्या खालपर्यंत येईल अशा ओट्यापाशी किंवा खिडकीच्या कठड्यापाशी उभं करायचं, दोन्ही पावलांमध्ये आईच्या हाताची वीतभर अंतर, टाचा टेकलेल्या. टाच टेकतच नसेल तर तिच्याखाली पातळ फळी ठेवा. नाहीतर सगळं वजन बोटांवर येऊन तळवा पुन्हा मध्ये वाकतो. पहिल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं दोनदा, मग वाढवत तीन-चार आठवड्यांत दिवसाला एकूण पाऊण तास. उभं राहण्याच्या मात्रेवर २०१३ साली गिनी पॅलेग आणि सहकाऱ्यांनी जमवलेल्या पुराव्यात सांध्यांच्या हालचालीसाठी ४५-६० मिनिटं आणि हाडांच्या बळकटीसाठी ६०-९० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असा अंदाज आहे. पट्टे सोडल्यावर लालसर डाग वीस मिनिटांत गेला नाही तर तिथे अस्तर वाढवायचं. हे आजीला नक्की सांगा, कारण ती डाग पाहिला की गेटर कायमचे ठेवून देईल, आणि तिचं चूक नसेल.

डब्ल्यूच्या बसण्याबद्दल दोनच वाक्यं. रागावून पाय सरळ करायला लावू नका, त्याला दोन्ही हात मोकळे ठेवून बसण्याची तीच एक बैठक जमते. पाटावर किंवा पोत्याच्या जाड गुंडाळीवर घोड्यासारखं बसायला मिळालं की ते आपसूक कमी होतं.

शिकवायची पद्धत. आधी आई आणि आजी मुलाला जसं उचलतात, बसवतात तसं पाहा, मध्ये बोलू नका. मग तुम्ही एकदा करून दाखवा. मग आईचे हात मुलावर आणि तुमचे हात तिच्या हातांवर. मग तुमचे हात मागे. शेवटी आईने शेजारणीला समजावून सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं. कुठे अडखळली ते तिथे कळतं. तिच्याच फोनमध्ये अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात हात तिचे हवेत, तुमचे नकोत. स्वतःचे हात पाहिले की "हे मला जमतं" असं वाटतं. तुमचे पाहिले की "हे मॅडमलाच जमतं" असं वाटतं. पुढच्या भेटीत "करता का?" विचारू नका, त्याचं उत्तर "हो मॅडम" हेच येणार. "करून दाखवा" म्हणा. हात अडखळला तर समजा की झालेलं नाही, आणि मग का झालं नाही ते शांतपणे विचारा. एका भेटीत एकच नवी गोष्ट. दुसरी पुढच्या भेटीला.

वरचं सगळं काम घरच्यांचं. पण काही गोष्टी आई आणि आजी कधीच करू शकणार नाहीत, त्या फक्त तुमच्या आहेत. घरच्यांनी व्यायाम केला नाही याची खंत करताना यातली एक जरी राहिली तरी नुकसान जास्त.

पहिली, खुब्याचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनांतल्या एका मुलाचा खुबा जागचा सरकतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. धोका चालण्याच्या पातळीवर ठरतो. जीएमएफसीएस या मोजमापात हालचालीच्या क्षमतेच्या पाच पातळ्या असतात, पहिली सगळ्यात सौम्य. पहिल्या पातळीत जवळजवळ नाही, पाचव्या पातळीत दहापैकी नऊ मुलांना. तुमच्या पत्रात एक्स-रेचा उल्लेख नाही. झाला नसेल तर याच महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवा आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहा : दोन्ही खुब्यांसह कमरेची हाडं (पेल्व्हिस), समोरून, दोन्ही पाय समांतर, गुडघ्याच्या वाट्या वर. पाय बेडकासारखे फाकवून काढलेल्या फिल्मवर मोजमाप करता येत नाही, आणि पुन्हा एक्स-रे म्हणजे पुन्हा एक दिवसाची मजुरी. खुब्याच्या चेंडूचा (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा) ३० टक्क्यांहून जास्त भाग खुब्याच्या वाटीबाहेर असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे. तिसऱ्या पातळीच्या आणि त्यापुढच्या मुलाला सहा महिने ते वर्षाने पुन्हा. एरवी पाय फाकवायला दिवसेंदिवस जड जातंय किंवा एक पाय आखूड वाटतोय असं आई सांगेल, तेव्हा तारीख आली नसली तरी पाठवा.

दुसरी, घोट्याचा निकाल. पाऊल आधी झटकन वर न्या आणि पहिली अडकण कुठे लागते ते पाहा. मग सावकाश न्या आणि शेवट कुठे लागतो ते पाहा. दोन्हींत मोठा फरक असेल तर ताठरपणा जास्त, स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनचा विचार करता येतो, त्याचा असर तीन-चार महिने. सावकाश नेऊनही पाऊल काटकोनापर्यंत येत नसेल तर स्नायू आखडला आहे, त्याला टप्प्याटप्प्याचं प्लास्टर. गुडघा वाकवल्यावर पाऊल वर येतं आणि सरळ केल्यावर येत नाही, तर दोष गॅस्ट्रोक्नेमियसचा, म्हणजे पोटरीतल्या गुडघ्यावरून जाणाऱ्या स्नायूचा. दोन्ही वेळा येत नसेल तर सोलियसही त्यात आहे. आखडलेल्या घोट्यावर थेट एएफओ चढवला तर टाच आत वर उचललेली राहते आणि पोरगं रडतं म्हणून तो खुंटीला लागतो. टाच आत टेकते का ते दर वेळी पाहा. प्लास्टरचे दोन-तीन आठवडे शक्यतो हिवाळ्यातच. यवतमाळचा मे महिना प्लास्टरमध्ये काढणं ही शिक्षा आहे. शिवाय वेचणीच्या दिवसांत आईला वेळ नसतो तेव्हा तिचं काम प्लास्टर करतं. बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली तर त्याच दिवशी उतरवायचं, कुणाला विचारत बसायचं नाही, हे मात्र घरात सगळ्यांना तोंडपाठ हवं.

तिसरी, "हा चालन कवा?" या प्रश्नाचं खरं उत्तर. "बघू, करत राहा" हे उत्तर नाही, आणि "दोन वर्षांत पळेल" हे तर पापच. दोन ते चार वर्षांच्या वयात जमिनीवर स्वतः बसतो का (हात मोकळे असताना तोल थोडा गेला तरी चालेल), हात-पाय आळीपाळीने टाकत रांगतो का, धरून कडेकडेने सरकतो का, हे तीन पाहा. तिन्ही होत असतील तर बहुधा दुसरी पातळी, पुढे तो आधाराशिवाय चालण्याची शक्यता चांगली. डब्ल्यूतच बसता येतं, दोन्ही पाय एकत्र ओढत रांगतो, धरून थोडंसंच सरकतो, तर बहुधा तिसरी. तेव्हा सांगायचं असं : "घरात-शाळेत वॉकर किंवा काठी धरून चालेल, लांबच्या अंतराला खुर्ची किंवा गाडी लागेल. शाळेत जाईल." पाचव्या वर्षाच्या आसपास मुलं आपल्या हालचालीच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असतात, म्हणून आत्ताची दोन वर्षं जास्त मोलाची. हे आई-वडिलांना एकत्र बसवून सांगा, आईला एकटीला नको. नाहीतर बाप, आजी, मामा यांना ते तिनेच सांगायचं आणि दोषही तिनेच घ्यायचा असं होतं.

वॉकरचं काय? ज्यात मूल मध्ये झोळीत बसतं तो गोल चाकांचा वॉकर या मुलाला नकोच. त्यात तो बोटांच्या टोकांवर ढकलत पळतो, म्हणजे जे मोडायचं तेच पक्कं होतं, आणि पायरीवरून उलटण्याचा धोका वेगळा. कॅनडात अशा वॉकरच्या विक्रीवर २००४ पासून बंदी आहे. पण बापाने पैसे घातलेत, त्याला चारचौघांत मूर्ख ठरवू नका. त्याला काम द्या : सुताराकडून पांगुळगाडा करून आण. दांडा मुलाच्या कमरेच्या उंचीला, रुंदी खांद्यांहून थोडी जास्त, गाड्यात दोन विटा, म्हणजे तो पुढे निसटणार नाही. मूल पुढे लोंबकळत चालत असेल तर मागून धरायचा वॉकर लागेल, तो जिल्हा केंद्रातून मागवा. तोपर्यंत अंगणात बांबूचे दोन समांतर दांडे बसवायलाही बापच. उंची मनगटापाशी, अंतर कमरेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना चार बोटं जास्त, खांब हातभर खोल गाडलेले. बांबूवरचे डोळे (गाठी) तासून घ्या, हाताला कुसळं लागली की पोरगं पुन्हा धरत नाही.

मशीनबद्दल फार बोलू नका. शेक आणि करंटची यंत्रं बहुतेक दुखण्यासाठी असतात, या मुलाला दुखत नाही. "उठायचं कसं हे डोक्याला शिकवायचंय, ते मशीनला येत नाही" एवढं सांगून वाट्या मांडायला घ्या.

विदर्भात काम करता म्हणून एक गोष्ट ठळक : सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तुमच्या यादीतल्या प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का ते पाहा. चालतं-बोलतं मूल अचानक एका बाजूने लुळं पडलं तर तो सिकलसेलचा पक्षाघात असू शकतो, त्याच तासाला दवाखाना. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे हात-पाय सुजून दुखत असतील तर ताणायचे नाहीत, ते आजाराचं दुखणं आहे. मोठं मूल लंगडत गुडघा दुखतो म्हणालं तर खुबा तपासा, खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशा मुलांचा सराव उन्हात नको, गार पाण्यात नको, आणि मध्ये मध्ये पाणी पाजत. उन्हाळ्यात तर सगळ्यांचाच सराव सकाळी आठच्या आत. एएफओच्या आत सुती मोजा, दुपारी बदललेला.

राहिला आशा आणि अंगणवाडी ताईंचा दिवस. त्यांना व्यायाम शिकवू नका. त्या करणार नाहीत आणि त्यांनी करूही नयेत. ओळखणं, धरणं आणि पाठवणं एवढंच शिकवा. ओळखण्यासाठी पाच-सहा खुणा : चार महिन्यांनंतरही मुठी सतत बंद, पाच महिन्यांना मान सावरत नाही, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दीड वर्षाला चालत नाही, आणि कोणत्याही वयात आलेली गोष्ट गेली. चार-पाच वर्षांचा मुलगा स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत चढत चढत उठतो आणि पोटऱ्या टणक, मोठ्या दिसतात, तर तेही सांगायचं. तो स्नायूंचा आजार असू शकतो, त्याला ताकदीचा व्यायाम द्यायचा नसतो, आधी तपासणी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय कसं धरायचं ते फळ्यावर सोडवून दाखवा : दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज अकरा महिन्यांचं असेल तर खुणांसाठी नऊ महिन्यांचं. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी जातातच, खुणा त्या भेटींना जोडून द्या, वेगळी फेरी नको.

धरण्यातही मुख्य गोष्ट खाऊ घालणं. मान मागे टाकून आडवं निजवून पेज ओतली की ती फुफ्फुसात जाते, वारंवार न्यूमोनिया होतो आणि घरचे म्हणतात "याची छातीच कमजोर". मांडीवर बसतं करून, मान किंचित पुढे, चमचा खालून समोर. ही एक गोष्ट प्रत्येक ताईकडून दोघींच्या जोडीने करून घ्या, एकीने आडवं होऊन दुसरीच्या हातून पाणी पिऊन पाहायचं. मग समजावून सांगावं लागत नाही. झटके येणाऱ्या मुलाचं औषध गावात कोणी बंद करायला सांगत असेल तर ते थांबवणं हेही त्यांचं काम.

पाठवणं म्हणजे नेमकं कुठे ते सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि तिथून मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन होतो. ते झाल्यावर सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला निरामय विमा, एक लाखापर्यंतचा, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. सहा वर्षांवरच्या मुलासाठी गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवायचं.

दिवस संपताना प्रत्येकीकडून तिच्या गावातल्या अशा मुलांची नावं, जन्मतारीख आणि शेवटचा एक्स-रे कधी झाला ते एका कागदावर लिहून घ्या. पथकाची पुढची तारीख कळली की तोच कागद त्यांच्या हातात द्या आणि एक फोटो काढून स्वतःकडे ठेवा.